रविवारचं कोर्ट

कोर्टात हातोडा नसतो, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी कळलं. त्याआधी चार वर्षं दर रविवारी सकाळी दहा वाजता मी तो हातोडा बघत होतो. टीव्हीवरच्या त्या मालिकेला तिचं स्वतःचं हिंदी नाव होतं, पण आमच्या घरात तिला 'रविवारचं कोर्ट' म्हणत. 'कोर्टात काय झालं?' असं कुणी विचारलं तर ते त्याच कोर्टाबद्दल असायचं. दुसऱ्या कोर्टाशी आमचा संबंध यायचं काही कारण नव्हतं.

मी लातूरच्या एका वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. लोक मला सर म्हणतात. मी आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही, पण चष्मा आणि हातातलं पुस्तक बघून लोकांनी तसं ठरवून टाकलं आणि मी दुरुस्त केलं नाही. दुरुस्त करायला बोलावं लागतं. मला बोलायला वेळ लागतो. मनात वाक्य जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पुढं जे झालं ते समजायला हे माहीत असावं, एवढंच.

आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे, जलीलभाईंचं बुक बाइंडिंगचं दुकान होतं. वाचनालयाची फाटकी पुस्तकं वीस वर्षं त्यांच्याकडेच जायची. त्र्याण्णवच्या भूकंपात ते गेले असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांच्यामागं दुकान त्यांच्या बायकोनं, बानोभाभींनी, चालवलं. भूकंपाच्या वेळी त्यांची मुलगी तूबा नऊ वर्षांची होती. पुढं तीही शाळा सुटल्यावर दुकानात बसून जुज, म्हणजे पानांच्या घड्या, शिवायला लागली.

रविवारी दुकान अकरा वाजता उघडायचं. दहाला दोघी मायलेकी आमच्याकडे यायच्या. आमचा टीव्ही रंगीत होता. माझी बायको सौदामिनी पोह्यांची परात मधे ठेवायची आणि सगळे कोर्टात बसायचे.

"काकू, ह्या वकिलाला दुसरी केस नसती का?" तूबा विचारायची. "सारखा ह्या एकाच माणसामागं फिरून राहिला."

"गप गं. साक्ष चाललीय."

"आणि बायको न्हाई, पोरं न्हाई, जेवताना तर कधी दिसतच न्हाई."

"तुझ्यासारखी बडबडी मुलगी असती तर त्याला तरी केस लढायला कुठला वेळ मिळाला असता?" सौदामिनी म्हणायची, आणि तेवढ्यात नेमकी लाइट जायची. निकालाच्या वेळी लाइट जाणं हे आमच्या गल्लीचं ठरलेलं होतं. मग सौदामिनी माझ्याकडे वळायची. "अहो, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. काय होईल ते सांगा." मला कधीच सांगता आलं नाही. बानोभाभी मात्र दर वेळी बरोबर सांगायच्या.

माणसं त्या मालिकेत एवढी का गुंतत, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. वकील देखणा होता, हे सौदामिनीचं मत. मला त्याचा चेहरा आता आठवतही नाही. मला आवडायचं ते हे, की त्या खोलीत एक माणूस प्रश्न विचारायचा आणि बाकीचे सगळे उत्तर संपेपर्यंत गप्प राहायचे. साक्षीदार अडखळला तरी थांबायचे. न्यायाधीश पुढं वाकून ऐकायचे. असं कुणी ऐकून घेतलं तर आपणही बोलू शकू, असं मला वाटायचं.

बानोभाभींचं कारण वेगळं होतं. एकदा त्या सौदामिनीला म्हणाल्या, "वहिनी, ह्याच्यात कोर्ट उठायच्या आत सगळं कळतं. कोण मेलं, कसं मेलं, कुठं पुरलं. कायच राहत न्हाई."

सौदामिनीनं त्यांच्या ताटलीत पोहे वाढले.

जलीलभाईंना भूकंपाच्या त्या भागात मीच पाठवलं होतं. किल्लारीच्या पलीकडे एका खेड्यात छोटं वाचनालय होतं. तिथला ग्रंथपाल माझ्या ओळखीचा. त्याची साठ पुस्तकं मी जलीलभाईंना बांधायला मिळवून दिली. त्यांनी ती मन लावून बांधली, कोपऱ्यांना कापड लावलं, पाठीवर नावं टाकली. एकोणतीस सप्टेंबरला संध्याकाळी ती पोचवायला ते निघाले. मुक्काम करून सकाळी परत येणार होते.

आमच्या भागात माणूस गावाला निघाला की त्याला गाडीत बसवून देतात. म्हणजे नुसतं स्टँडपर्यंत जायचं नाही. गाडी आली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, सामान वर चढवायचं, माणूस बसला की खिडकीशी उभं राहून दोन शब्द बोलायचे, आणि गाडी हलल्यावरच मागं फिरायचं. पाहुणा असो की शेजारी, रीत एकच. मी काम मिळवून दिलं होतं, पुस्तकांचे गठ्ठे दोन होते, म्हणून मी एक उचलून त्यांच्याबरोबर गेलो.

त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. स्टँडवर गाड्यांचा पत्ता नव्हता. जी गाडी साडेपाचला सुटायची ती सव्वासहापर्यंत लागलीच नव्हती. तेवढ्यात एक मिरवणूक स्टँडच्या तोंडाशी आली. ढोल, गुलाल, शिट्ट्या. मला गर्दीची पहिल्यापासून धास्ती. माझा चेहरा बघूनच जलीलभाईंना कळलं असावं.

"सर, तुम्ही जावा घरी. गुलाल उडून राहिला. कपडे खराब होतील."

"गाडी येऊ द्या की."

"येती की गाडी. मी काय लहान पोरगं हाय का? जावा."

मी गेलो. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तेव्हा ते दोन गठ्ठ्यांवर बसून बिडी पेटवत होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.

पहाटे भूकंप झाला. आमच्या भिंतींना भेगा पडल्या आणि गल्लीतली सगळी माणसं रस्त्यावर उभी राहिली. उजाडल्यावर बानोभाभी आमच्याकडे आल्या. किल्लारीचं नाव तोवर आमच्यापर्यंत आलं नव्हतं. त्यांनी सहज विचारलं, "सर, ते काल गाडीत बसले व्हते ना?"

मी म्हणालो, "हो. मी स्वतः बसवून दिलं."

का म्हणालो? मला लाज वाटली, एवढंच कारण होतं. बायकोच्या जिवावर घर टाकून निघालेल्या माणसाला मी गुलालाला भिऊन स्टँडवर एकटा सोडून आलो, हे बानोभाभींच्या तोंडावर सांगवेना. एका रीतीची बाब होती. त्यात काही मोठं खोटं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही. आठ वाजता रेडिओ लागला आणि त्यानंतर ते वाक्य परत घ्यायची सोय राहिली नाही.

तिसऱ्या दिवशी बानोभाभींचा भाऊ अकरम आणि मी तिथं गेलो. गाव म्हणून काही उरलं नव्हतं. माझ्या ओळखीचा ग्रंथपाल त्याच्या घरच्या सगळ्यांसकट गेला होता. प्रेतं एकत्र जाळून टाकली होती, दुसरा इलाज नव्हता. जी यादी होती ती गावच्या माणसांची. पाहुणा कोण आला होता हे सांगायला कुणी शिल्लक नव्हतं. जलीलभाईंनी बांधलेली पुस्तकं मी शोधत राहिलो. सापडली नाहीत. सगळंच दगडमातीखाली होतं.

मृत्यूचा दाखला मिळाला नाही. बानोभाभींनी दोन-तीन वर्षं खेटे घातले आणि मग सोडून दिलं. घरात त्यांनी फातिहा केली. दुकान चाललं होतं, तूबा शिकत होती. दाखल्यावाचून काही अडत नव्हतं.

अडलं ते अठ्ठ्याण्णव साली. तोवर लातूर बदललं होतं. दहावी-बारावीच्या निकालांची कीर्ती झाली होती आणि हिमायतनगरापासून मुरुडपर्यंतची मुलं आमच्या गल्ल्यांमध्ये चार-चार जण एका खोलीत राहायला लागली. डाळमिलचे मुनीम होते त्यांच्या घरांवर क्लासच्या पाट्या लागल्या. बानोभाभींचं काम त्यामुळं वाढलं, मुलं नोट्सच्या झेरॉक्सचे गठ्ठे बांधायला आणायची. आणि त्याचमुळं दुकानाच्या मालकांना, शिवमूर्तीअप्पांना, ती जागा हवीशी झाली. त्यांच्या मुलाला वर क्लास आणि खाली मेस काढायची होती.

अप्पांनी दावा लावला. दाव्यात लिहिलं होतं की भाडेकरू जलील हे लातूर सोडून गेले आहेत, ते हयात आहेत, आणि दुकानात ज्या बाई बसतात त्यांचा त्या जागेवर काही हक्क नाही.

बानोभाभींचा वकील मुनीब नावाचा तरुण होता. त्यानं मला आमच्याच ओसरीवर बसून समजावून सांगितलं. "सर, गोष्ट सोपी आहे. जलीलभाई वारले असं कोर्टानं मानलं, तर भाडेपट्टा बानोआपांकडे वारसाहक्कानं येतो. दुकान राहतं. हयात धरले, तर दुकान जातं. सात वर्षं पुरी झाली असती तर कायद्यानंच वारले धरले असते. आपली पावणेसहा झालीत."

"मग थांबता येणार नाही?"

"तारखा मागून मागून किती मागू? आता साक्षी लागल्यात. त्या संध्याकाळचे साक्षीदार तुम्ही एकटे. मी विचारणार, जलीलभाईंना तुम्ही किल्लारीच्या गाडीत बसवून दिलं का? तुम्ही म्हणायचं, हो. बास. त्याच्या पुढं एक शब्द नाही."

मी मान हलवली. त्याला मान हलवणं म्हणजे होकार वाटला. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. वाक्य जुळवत होतो तेवढ्यात त्यानं स्कूटर सुरू केली.

साक्षीच्या आधीचा रविवार मला नीट आठवतो. त्या दिवशीच्या भागात एक म्हातारा पोस्टमन साक्षीला उभा होता. त्यानं पूर्वी खोटं सांगितलं होतं, कुणाला तरी वाचवायला. त्या दिवशी पिंजऱ्यात उभं राहून तो म्हणाला, मला पूर्ण हकिकत सांगायची आहे. आणि त्यानं ती सांगितली, रडत, थांबत. कुणी मधे बोललं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. खोटं कबूल केल्यामुळंच त्याची बाकीची साक्ष खरी मानली गेली आणि निरपराध माणूस सुटला. लाइटसुद्धा गेली नाही.

सौदामिनीनं पदरानं डोळे टिपले. बानोभाभी म्हणाल्या, "बघा सर. खरं बोललं की कोर्टाला ऐकावंच लागतं. तुमच्यासारखा माणूस उभा राहिला की आपलं काम झालंच म्हणा."

"सर बोलतील तर!" तूबा म्हणाली. "नाहीतर जज म्हणतील, पुढची तारीख, ह्यांचं वाक्य संपायचंय अजून."

सगळे हसले. मीही हसलो. पण आठवडाभर माझ्या मनात तो पोस्टमन उभा होता.

कोर्टाच्या आवारात, कडुलिंबाखाली, शिवमूर्तीअप्पाच आधी भेटले. पांढरं धोतर, कपाळाला विभूती. मला बघून त्यांनी हात जोडले.

"सर, च्या घेता का?"

"अप्पा, नको."

"घ्या हो. तुमचं माझं काय भांडण हाय का?"

चहा आला. मी धीर करून म्हणालो, "अप्पा, तुम्हाला माहीत आहे ना, जलीलभाई गेले ते? तुम्ही तर तेव्हा बानोभाभींकडे येऊन रडला होता."

"माहीत हाय की," अप्पा शांतपणे म्हणाले. "लई चांगला माणूस. पर सर, वकील म्हणतो तसं लिवावं लागतंय. खरं लिवलं तर केसच हुत न्हाई म्हणतो. आता पोरगं ऐकंना. माझं कोण ऐकतंय घरात? बिस्कूट घ्या."

मी बिस्कीट घेतलं.

मग शिपायानं दारातून माझं नाव पुकारलं, 'माधवराव' एवढंच, भाजीवाल्याला हाक मारावी तसं. आत पंखा मोठ्यानं वाजत होता. पिंजरा नव्हता, गुडघ्याएवढा एक लाकडी कठडा होता आणि त्याच्यावर कुणीतरी आपली डब्याची पिशवी ठेवली होती. न्यायाधीश तरुण होते, दमलेले दिसत होते, त्यांच्या पुढ्यात फायलींचा ढीग होता. त्यांच्या खाली टाइपरायटर घेऊन एक बाई बसल्या होत्या. मागच्या बाकावर बानोभाभी आणि तूबा. मी शपथ घेतली. मुनीबनं नाव, वय, धंदा विचारला. प्रत्येक उत्तरानंतर न्यायाधीश स्वतः एक वाक्य बोलत आणि बाई ते टाइप करत. आपण बोललेलं कागदावर जात नाही, न्यायाधीशांनी सांगितलेलं जातं, हे मला तिथं उभं राहिल्यावर समजलं. टीव्हीत हे कधी दाखवलं नव्हतं.

"दिनांक एकोणतीस सप्टेंबरला," मुनीब म्हणाला, "जलील यांना तुम्ही किल्लारीच्या गाडीत बसवून दिलं का?"

मी म्हणालो, "साहेब, मला पूर्ण हकिकत सांगायची आहे."

मुनीबनं झटकन माझ्याकडे पाहिलं. न्यायाधीश फाइल चाळत होते. ते वर न बघता म्हणाले, "बाबा, हकिकत नको. विचारलं तेवढं सांगा. बसवून दिलं का? हो की नाही?"

"साहेब, त्या दिवशी विसर्जन होतं, गाडी उशिरा..."

"हो की नाही?"

पंखा वाजत राहिला. टाइपरायटरवरच्या बाईंची बोटं थांबली होती. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण नुकतीच घेतलेली शपथ आठवली, तो पोस्टमन आठवला, आणि 'नाही' बाहेर पडलं.

माझी समजूत अशी होती की 'नाही' म्हटल्यावर ते पुढं विचारतील. मग काय झालं? तुम्ही आधीच का निघून आलात? तुम्हाला कशावरून वाटतं की ते गेले? मी सगळं जुळवून ठेवलं होतं. साठ पुस्तकं, कोपऱ्यांचं कापड, तिथला ग्रंथपाल वाट बघत होता ते, जलीलभाईंनी दिलेला शब्द वीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता ते.

न्यायाधीशांनी सांगितलं, "लिहा. मी जलील यांना गाडीत बसवून दिले नाही. मी त्यांना गाडीत बसताना पाहिले नाही." बाईंनी टाइप केलं.

"साहेब, पण ते नक्की त्याच..."

"तुमच्या वकिलांना विचारू द्या."

मुनीबच्या हातातला कागद तसाच राहिला होता. त्यानं अजून दोन प्रश्न विचारले. ते कुठले हे मला आठवत नाही. मग अप्पांचे वकील उठले. आवाज चढवणं नाही, बोट रोखणं नाही. मला वाटलं होतं तसं काहीच नव्हतं. पत्ता विचारावा तसं ते विचारत होते.

"प्रतिवादी बानो यांना गेली पावणेसहा वर्षं तुम्ही काय सांगत आलात? बसवून दिलं म्हणून?"

"हो. पण त्याचं कारण..."

"म्हणजे खोटं सांगितलंत."

"हो."

"जलील हे बाइंडिंग कुठं शिकले?"

"नांदेडला. लग्नाच्या आधी."

"लातूरच्या स्टँडवरून संध्याकाळी नांदेडची गाडी सुटते?"

"सुटत असेल."

न्यायाधीश म्हणाले, "लिहा. हे म्हणणे खरे आहे की त्याच सुमारास नांदेडची गाडी सुटते."

"जलील त्या संध्याकाळी नांदेडच्या गाडीत बसले नाहीत, असं तुम्ही शपथेवर सांगू शकता का?"

मी मागच्या बाकाकडे पाहिलं. बानोभाभी पुढं वाकून ऐकत होत्या, रविवारी ऐकायच्या तशाच. मला खात्री होती. पण खात्री वेगळी आणि पाहिलेलं वेगळं. मी आयुष्यभर स्वतःच्या खात्रीवर विश्वास ठेवलेला नाही. पुस्तक कपाटात ठेवलं का हे तीनदा उठून बघणारा माणूस मी.

"शपथेवर नाही," मी म्हणालो.

बाईंनी तेही टाइप केलं. सगळं मिळून वीस मिनिटं लागली. मला कागद वाचायला दिले. त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं. मी खाली सही केली.

बाहेर आल्यावर मुनीब फक्त म्हणाला, "सर, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" घरी सौदामिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "खरं बोलायचं होतं तर त्याच दिवशी बोलायचं. नाहीतर कधीच नाही. हे मधलं कुठून काढलंत?"

दिवाळीच्या आधी निकाल लागला. मुनीबनं मला तो परिच्छेद वाचून दाखवला. प्रतिवादीचा एकमेव महत्त्वाचा साक्षीदार स्वतःच कबूल करतो की तो अनेक वर्षे खोटे सांगत होता. त्याच्या साक्षीवरून जलील किल्लारीकडे गेले असे म्हणता येत नाही. दुकान साठ दिवसांत रिकामं करून द्यायचं होतं. मुनीब म्हणाला, अपील करू, वरच्या कोर्टात पुढच्या वर्षी सात वर्षंही भरतील, स्टे मिळेल, केस जिवंत आहे.

ते सांगायला आम्ही दुकानात गेलो. बानोभाभी एका जाड गठ्ठ्याला खळ लावत होत्या. त्यांनी हात न थांबवता ऐकलं.

"अपील नको," त्या म्हणाल्या.

"आपा, दुकान जाईल," मुनीब म्हणाला.

"जाऊ दे. अपिलात काय लिवायचं? ते मेले म्हणून?"

"हो. तेच तर आपलं म्हणणं आहे."

"ते सर बोलले व्हते म्हणून माझं म्हणणं व्हतं." त्यांनी ब्रश खाली ठेवला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "आता मी कशाच्या जोरावर शपथ घेऊ? उद्या ते दारात उभे राहिले तर? जित्या माणसाला मेला म्हणून सही केली म्हणतील."

"बानोभाभी," मी म्हणालो, "ते गेलेच होते तिकडं. मला खात्री आहे."

"बघितलं न्हाई ना, सर?"

"नाही."

"मग."

तूबा कोपऱ्यात दोरा ओवत होती. तिनं मान वर केली नाही. ती आता पंधरा वर्षांची होती आणि तिला आईपेक्षा आधी सगळं कळलं असावं. नंतर एकदा तिनं मला रस्त्यात गाठून सांगितलं, "सर, अम्मी दाराला आतून कडी लावत न्हाई आता. म्हणती, आले तर हाक मारायची सवय न्हाई त्यांना. तुम्ही काहीतरी सांगा की तिला." मी सांगतो म्हणालो. काय सांगायचं होतं, ते मला अजूनही सुचलेलं नाही.

डिसेंबरात दुकान रिकामं झालं. कापायचं यंत्र अकरमनं हातगाडीवर घालून त्यांच्या घरी नेलं. शिवमूर्तीअप्पा स्वतः उभे होते. त्यांनी हमालांना ओरडून सांगितलं की जपून उचला, बाईचं पोट हाय त्याच्यावर. रविवारी दोघी यायच्या बंद झाल्या. सौदामिनी दोन आठवडे दहा वाजता टीव्ही लावून एकटी बसली, तिसऱ्या रविवारी तिनं तो लावला नाही.

जानेवारीत बानोभाभी सकाळी आमच्याकडे आल्या. बुरखा, हातात पिशवी. "सर, नांदेडला येता का माझ्यासंगं? तिथं बाइंडरचे दुकानं कुठं असतात ते तुम्हाला माहीत असंल. अकरम येत न्हाई म्हणतो. म्हणतो, वेडी झाली."

मी गेलो. नाही म्हणायचा हक्क मला उरला नव्हता. शिवाय खरं सांगायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात मलाही वाटत होतं, बघून तर येऊ. इतकी माझ्या खात्रीची किंमत.

नांदेडच्या इतवारा भागातल्या गल्ल्यांत आम्ही सात दुकानं पाहिली. बानोभाभी पिशवीतून फोटो काढायच्या. दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो, जलीलभाई हार घालून उभे. लोक बघायचे, मान हलवायचे, पाणी द्यायचे. सातव्या दुकानात एक फार म्हातारे उस्ताद होते, डोळ्याला जाड भिंगं. त्यांनी फोटो नाकाशी धरला.

"हा जलील. लातूरवाला. माझ्याजवळच शिकला."

बानोभाभींनी माझी बाही धरली. "कधी आले व्हते?"

"अरे, शिकला तेव्हा. तीस साल झाले. हात लई हलका व्हता त्याचा."

"त्याच्यानंतर?"

"त्याच्यानंतर न्हाई बघितला, बेटी."

"पक्कं न्हाई?"

उस्तादांनी फोटो परत दिला. भिंगांतून त्यांनी बानोभाभींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पक्कं काय सांगू? माझी नजर अशी. रस्त्यानं किती लोक जाऊन राहिलेत."

परतीच्या गाडीत खिडकीची जागा त्यांना दिली. लोहा गावाच्या पुढं जाईपर्यंत त्या बाहेर बघत होत्या. मला बोलायचं होतं. म्हणायचं होतं की न सापडणं हाही एक पुरावाच आहे. पण तसं नाही, हे मला त्या कोर्टातल्या कागदानं शिकवलं होतं. नांदेडात ते नव्हते, यावरून ते किल्लारीला गेले असं कुठलाही न्यायाधीश लिहून देणार नव्हता. आणि आता बानोभाभीही देणार नव्हत्या. मी वाक्य जुळवत राहिलो. ऊन तिरपं झालं होतं, पुढच्या बाकावरची क्लासची मुलं मांडीवर नोट्स घेऊन झोपली होती.

बऱ्याच वेळानं त्याच माझ्याकडे वळल्या.

"सर, परभणीला पण बाइंडर असतील ना?"

मी म्हणालो, "असतील."